पिंपावरची निळी खुर्ची

मी आता जे करणार आहे ते बाईंना अजिबात आवडलं नसतं. मी त्यांच्या पाठीमागे त्यांच्याविषयी बोलणार आहे. त्या असत्या तर उठल्या असत्या, मोरीशेजारच्या पाण्याच्या पिंपावर पालथी घातलेली निळी प्लास्टिकची खुर्ची खाली काढली असती, पदरानं पुसून माझ्यासमोर ठेवली असती आणि म्हणाल्या असत्या, "ज्याच्याविषयी बोलायचंय त्याला बोलावून आणा. इथे बसवा. मग बोला." आता त्यांना बोलावून आणायची सोय राहिलेली नाही, म्हणून माझं फावलं आहे.

टेमघरला त्यांच्या घरात आम्ही बरीच वर्षं भाड्यानं राहिलो. खाली बाई एकट्या. वर दोन खोल्या. एकीत मी आणि माझी बायको, दुसरीत एस्तेर नावाची मुलगी आणि तिचे दमेकरी वडील. बाई मिशनच्या दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर झालेल्या. नवरा कधीच वारला होता, मूलबाळ नव्हतं. मागच्या गल्लीत कापडाचे लूम चालायचे, त्यांच्या खडखडाटात कोणाला हळू बोलायची सवयच राहिली नव्हती. आमच्याकडे कुजबूज करायची तरी ओरडून करावी लागते. अशा ठिकाणी बाईंनी आपल्या घरापुरता कायदा केला होता, की जो माणूस समोर नाही त्याच्याविषयी या छताखाली कोणी बोलायचं नाही.

पहिल्याच दिवशी मी सापडलो. खोली बघायला गेलो होतो. चहा पुढे आला, घर का बदलताय असं बाईंनी विचारलं, आणि मी जुन्या घरमालकाची कर्मकहाणी सुरू केली. पाणी सोडत नाही, लाइटबिलात गडबड करतो, त्याची बायको तर त्याच्याही वर. इतक्यात बाई उठल्या. मला वाटलं बिस्किटं आणायला गेल्या. त्या खुर्ची घेऊन आल्या. तिचा एक हात मोडला होता, तिथे तार गुंडाळलेली होती. ती त्यांनी माझ्या गुडघ्याला टेकेल इतकी जवळ ठेवली.

"कोण यायचंय?" मी विचारलं.

"तुमचे मालक. फोन करा त्यांना. मी थांबते."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. चहा गार होत गेला. शेवटी मी म्हणालो की खोली मला पसंत आहे, आणि त्यांनी खुर्ची उचलून परत पिंपावर पालथी घातली.

ती खुर्ची खाली येताना पिंपाच्या पत्र्यावर घासायची. तो आवाज आमच्या गल्लीत सगळ्यांना ओळखीचा झाला होता. दूधवाला खाडीकडच्या गावातला, बोलघेवडा. त्याच्या तोंडून भावकीतल्या कोणाचं नाव निघालं आणि बाईंनी नुसती मान पिंपाकडे वळवली, की तो म्हणायचा, "आजी, खुर्ची नको काढू. मी काय बोललो न्हाय. दूध घे नि मला सोड." माझ्या सासूबाई एकदा राहायला आल्या. त्यांना तीन सुना. हे सांगितलं म्हणजे पुढचं सगळं आलं. त्यांनी बाईंकडे दुपारच्या गप्पा मारायला म्हणून जायला सुरुवात केली आणि आठवडा पुरा व्हायच्या आत, इथली हवा मानवत नाही म्हणून गावी निघून गेल्या.

मला तो सगळा प्रकार गमतीचा वाटायचा. मी मुद्दाम डिवचायचो. टीव्हीवर मॅच लागलेली असली की एखाद्या खेळाडूच्या भानगडीचा विषय काढायचो आणि म्हणायचो, "बाई, यालाही बोलावू का? विमानाचं भाडं तुम्ही द्या." बाई म्हणायच्या, "खेळ बघा. त्याच्या घरात कशाला बघता." आणि खुर्ची काढायच्या. नगरसेवक असो, सिनेमानट असो, खुर्ची सगळ्यांना सारखी.

एक गोष्ट मात्र मला पहिल्यापासून खटकत होती. बाई चांगलंही बोलू द्यायच्या नाहीत. माझी बायको एकदा सहज म्हणाली, समोरच्या वहिनी फार कष्टाळू आहेत. तरी खुर्ची आली. मी म्हणालो, "अहो, ती स्तुती करतेय." बाई म्हणाल्या, "आत्ता स्तुती करतेय. स्तुतीच्या मागून 'पण' येतो. कष्टाळू आहे, पण. प्रेमळ आहे, पण. मी दवाखान्यात आयुष्य काढलं, 'पण' आल्याशिवाय राहिलेला मी पाहिला नाही. त्यापेक्षा दारच बंद असलेलं बरं." बायको त्यावर खरंच विचार करत बसली, कारण तिच्या मनात 'पण' तयार होता. तिनं नंतर मला सांगितलं.

हे वेड त्यांना कशामुळे लागलं, याच्या तीन वेगवेगळ्या हकिकती मी ऐकल्या. एक आमच्या चर्चच्या मंडळीत, एक आमच्या गावाकडच्या माणसाकडून, एक त्यांच्या जुन्या दवाखान्यातल्या बाईकडून. तिन्हींत बाईंच्या बरोबरची एक नर्स होती आणि तिन्हींत बाईंच्या तोंडून गेलेला एक शब्द होता. बाईंना विचारायची सोय नव्हती, कारण त्या हकिकतीतली दुसरी बाई समोर नव्हती. मी त्या तिन्ही हकिकती इथे सांगणार नाही. एवढं तरी मी त्यांचं ऐकतो.

आमच्या मंडळीत एक मोठी सोय आहे. निंदा करणं पाप आहे, दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढायला जाऊ नये, हे सगळ्यांना लहानपणापासून पाठ असतं. म्हणून आमच्यात निंदा कोणी करत नाही. प्रार्थनेची विनंती करतात. अमक्या भावाच्या पिण्यासाठी विनंती. तमक्या घरातल्या सुनेच्या तापट स्वभावासाठी विनंती. डोळे मिटलेले, हात जोडलेले, आवाज ओलसर, आणि आमेन म्हणेपर्यंत सगळ्यांना सगळं कळलेलं. दर बुधवारी संध्याकाळी ही प्रार्थनासभा बाईंच्या हॉलमध्ये भरायची. हॉल कसला, मोठी खोली. आम्ही वीसेक माणसं चटईवर बसायचो. त्यात पुढे असायच्या सेक्रेटरीबाई. म्हणजे मंडळीच्या सेक्रेटरींची पत्नी. बाईमाणूस वाईट नव्हती. कोणाकडे आजारपण असलं की डबा घेऊन पहिली पोचायची. पण डबा ठेवून परत निघेपर्यंत घरातलं सगळं बघून घ्यायची. बुधवारी ते प्रभूच्या कानावर घालायची.

बाई प्रत्येक वेळी विचारायच्या, "त्यांनी तुम्हाला विनंती करायला सांगितलंय का?" सेक्रेटरीबाई म्हणायच्या, "बाई, ओझं वाटतं हो मनाला." आणि लगेच डोळे मिटायच्या. प्रार्थना चालू असताना खुर्ची कशी काढणार?

आता एस्तेरचं सांगतो. ती काल्हेरच्या एका गोडाऊनमध्ये पॅकिंगला होती. मीही काल्हेरलाच, दुसऱ्या गोडाऊनमध्ये बिलिंगला. माझी जनरल शिफ्ट, तिची पहिली. तिला पहाटे निघावं लागायचं आणि त्या वेळी नाक्यावर शेअर रिक्षा नसायची. सुरुवातीला ती चालत हायवेपर्यंत जायची. तिथे एकदा दोघांनी तिच्या मागून मोटरसायकल हळू चालवली. ती धावत घरी परत आली आणि त्या दिवसाची तिची हजेरी गेली. बाईंना ते कळल्यावर त्यांनी स्वतः सोय लावली. मागच्या गल्लीतून एक टेम्पो रोज पहाटे कापडाचे तागे भरून काल्हेरकडे जायचा. त्याच्या ड्रायव्हरच्या आईच्या पायाची जखम बाईंनी रोज जाऊन बांधली होती, पाय वाचवला होता. बाईंनी त्याला दारात बोलावून सांगितलं. तो म्हणाला, "सिस्टर, आप फिकर मत करो. बहन है मेरी. गेट से बिठाऊँगा, गोडाऊन के गेट पे उतारूँगा." आणि तेव्हापासून रोज अंधारात बाई शाल गुंडाळून, हातात बॅटरी घेऊन गेटवर उभ्या राहायच्या. एस्तेर टेम्पोत बसली, टेम्पो वळला, की मग आत यायच्या. हे मी अनेकदा खिडकीतून पाहिलं आहे. ही सोय कोणी केली आणि का केली, हे बाईंना ठाऊक होतं, वरच्या आम्हा दोन घरांना ठाऊक होतं. बाकी कोणाला सांगायचा प्रश्नच नव्हता, कारण सांगायचं म्हणजे गैरहजर माणसाविषयी बोलायचं.

मग एस्तेरचं लग्न ठरलं. मुलगा कल्याणचा, एका कारखान्यात फिटर. चर्चच्या पाळकांनीच जुळवलं. पण नुसतं जुळवलेलं नव्हतं. मुलगा एस्तेरला मनापासून आवडला होता. ती जिन्यात गुणगुणायला लागली. माझ्या बायकोकडे येऊन साडीच्या निऱ्या धरायला शिकायची आणि शिकता शिकता त्याचं नाव घ्यायची. त्यावर मात्र आम्ही वर होतो म्हणून निभावलं, खाली खुर्ची आली असती. तिचे वडील खोकत खोकत म्हणायचे, आता माझं काही झालं तरी हरकत नाही. त्यांना दुसरी चिंताच नव्हती.

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार मंडळीपुढे सूचना वाचतात. अमक्याचा मुलगा, तमक्याची मुलगी, यांच्या विवाहाला कोणाची रास्त हरकत असेल तर त्यानं कळवावं. कोणी कधी कळवत नाही. पहिल्या रविवारी एस्तेरचं नाव वाचलं गेलं. ती माझ्या बायकोशेजारी बसली होती, तिनं मान खाली घातली आणि कानापर्यंत लाल झाली. बाई पहिल्या रांगेत होत्या. मला त्यांची पाठ दिसत होती, ताठ. मला वाटतं त्या दिवशी त्या सुखात होत्या.

त्याच बुधवारी सभेत सेक्रेटरीबाईंनी डोळे मिटले.

"प्रभू," त्या म्हणाल्या, "आपल्यातली एक तरुण बहीण, मी नाव घेत नाही, तू जाणतोस, लग्नाच्या पवित्र बंधनात जाते आहे. पहाटेच्या अंधारात ती कोणाच्या वाहनात बसते, प्रभू, तू पाहतोस. तिचे पाय घसरू देऊ नकोस. ज्या घरात ती जाणार त्या घराला फसवणुकीपासून राख."

मी डोळे उघडले. एस्तेर सभेत नव्हती, ती दमून वर झोपली होती. पिंपाच्या पत्र्यावर खुर्ची घासल्याचा आवाज आला. प्रार्थना चालू असताना बाई उठल्या होत्या. त्यांनी खुर्ची फरपटत आणली आणि सेक्रेटरीबाईंच्या पुढ्यात ठेवली. आता सगळ्यांचेच डोळे उघडे होते.

"प्रभूला नाव माहीत आहे ना?" बाई म्हणाल्या. "मग तुम्ही कोणाला सांगताय?"

सेक्रेटरीबाई रडायला लागल्या. खरंच रडल्या. म्हणाल्या, "मी प्रार्थनाच केली, बाई. प्रार्थना पण करायची नाही का?" कोणीतरी घाईघाईनं आमेन म्हटलं. बाकीच्यांनीही म्हटलं. मला त्या आमेनचा आजही राग येतो. रात्रीपर्यंत मोबाईलवर मंडळीच्या ग्रुपवर विनंती फिरली, जोडलेल्या हातांच्या चित्रासकट. नाव त्यातही नव्हतं.

शनिवारी दुपारी मुलाचे मामा-मामी कल्याणहून आले. ते एस्तेरकडे गेले नाहीत, बाईंकडे गेले. यात नवं काही नाही, सोयरीक करताना मुलीच्या शेजारी चौकशी सगळेच करतात. माझी सुट्टी होती. बाईंनी मला हाक मारून सरबताची बाटली आणायला सांगितलं, म्हणून मी तिथे होतो. मामा सभ्य गृहस्थ होते. त्यांनी आमच्या मंडळीच्या रीतीप्रमाणे सलाम केला, बसले, घाम पुसला.

"बाई, आम्हाला कोणाचं ऐकायचं नाही," ते म्हणाले. "कानावर काहीबाही आलंय. कल्याणपर्यंत तुमचं नाव आहे, की बाई खोटं बोलत नाहीत. एका छताखाली राहता. तुम्ही फक्त म्हणा, मुलगी चांगली आहे. आम्ही उठतो आणि लग्नाच्या तयारीला लागतो."

मला हायसं वाटलं. एका शब्दाचं काम होतं, आणि तो शब्द ज्यांना खरा माहीत होता त्याच समोर बसल्या होत्या. बाई उठल्या. पिंपाकडे गेल्या. मला क्षणभर कळेचना त्या काय करतायत. त्यांनी खुर्ची आणली आणि मामांसमोर ठेवली.

"एस्तेर ड्युटीवर आहे," त्या म्हणाल्या. "चारपर्यंत येते. ती इथे बसेल. तिच्यासमोर विचारा, मी तिच्यासमोर सांगते."

"तिच्यासमोर कसं विचारायचं, बाई?" मामी म्हणाल्या. "पोरीला काय वाटेल?"

"मग विचारू नका."

"नुसतं चांगली आहे एवढंच म्हणा," मामा म्हणाले. त्यांचा आवाज जवळजवळ विनवणीचा होता.

बाई खुर्चीच्या मोडक्या हातावर हात ठेवून उभ्या राहिल्या. मी म्हणालो, "बाई, सांगा ना." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना पाण्यात ढकलतोय. मामींनी मामांकडे पाहिलं. सरबताचे पेले अर्धे ठेवून ती दोघं उठली. जिन्याखाली चपला घालताना मामी म्हणाल्या, "कळलं."

मी त्यांच्या मागे नाक्यापर्यंत गेलो. टेम्पोचं, मोटरसायकलवाल्यांचं, बॅटरीचं सगळं सांगितलं. मुलगी सोन्यासारखी आहे म्हणालो. मामांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुम्ही चांगले आहात, चांगलंच बोलणार. पण बाई का नाही बोलल्या?" रिक्षा आली आणि ती दोघं गेली. एस्तेर तासाभरानं घरी आली आणि नेहमीसारखी गुणगुणत जिना चढली.

दुसऱ्या रविवारी सूचना वाचली गेली नाही.

पाळकांनी इतर सगळ्या सूचना वाचल्या. महिला मंडळाची सभा, रविवारच्या शाळेची सहल, वर्गणीची आठवण. मग कागद घडी करून ठेवला. जे वाचलं गेलं नाही ते सगळ्यांनी ऐकलं. माझ्या बायकोनं एस्तेरचा हात धरला. तिच्या वडिलांना आधी काही समजलंच नाही. ते शेजारच्याला विचारत होते, "विसरले का? विसरले असतील."

शनिवारचं सगळं माझ्या बायकोनं एस्तेरला वाटेत सांगितलं. त्या दुपारी एस्तेर खाली गेली. दार उघडं होतं. मी जिन्यात होतो, आणि खरं सांगतो, मी ऐकत उभा राहिलो. तिनं स्वतः ती खुर्ची पिंपावरून काढली. जमिनीवर ठेवली आणि तिच्यावर बसली. त्या खुर्चीवर कोणी बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. इतकी वर्षं ती खुर्ची माणसांसाठी मांडली जात होती, आणि एकालाही कधी कोणी बोलावून आणलं नव्हतं.

"मी आले, आजी," ती म्हणाली. "आता बोला."

बाई बोलल्या. माझ्या आठवणीत त्या पहिल्यांदाच इतक्या बोलल्या. तू कष्टाळू आहेस. बापाला सांभाळतेस. अंधारात घाबरत असूनही कामाला जातेस. तुझ्या वागण्यात मला कधी उणं दिसलं नाही. त्यात एकही 'पण' नव्हता. मला वाटलं एस्तेर रडेल. ती रडली नाही.

"हे मला माहीत आहे, आजी," ती म्हणाली. "मला नव्हतं सांगायचं."

ती उठली, खुर्ची होती तशी पिंपावर पालथी घातली आणि वर गेली. बाई तिथेच उभ्या होत्या. मीही तिथेच उभा होतो. मला त्यांच्यावर इतका संताप आला होता की आत जाऊन चार शब्द सुनवावेत असं वाटत होतं. पण त्यांचा चेहरा पाहिला आणि जिना चढून घरात गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई इस्त्रीची पांढरी साडी नेसून माझ्या दारात आल्या. म्हणाल्या, "कल्याणला चला माझ्याबरोबर." मी रजा टाकली. मुलाच्या घरी मामा, मामी, आई, सगळे होते. मुलगा घरात नव्हता, की आतल्या खोलीत होता, माहीत नाही. बाईंनी खुर्चीविना, एस्तेरविना, सगळं सांगितलं. टेम्पो मीच ठरवला. ड्रायव्हर माझ्या ओळखीचा. गेटवर मीच उभी असते.  ज्या बाईनं आयुष्यभर कोणाचं चांगलंही बोलायचं टाळलं, तिला सवयच नव्हती हो. वाक्य मध्येच तुटायचं, पुन्हा जुळवायच्या. एखाद्या पढवलेल्या साक्षीदारासारख्या दिसत होत्या.

मामी म्हणाल्या, "म्हणजे टेम्पो होता."

"होता. पण मीच..."

"आम्हाला वाटलं होतं लोक उगाच बोलतात."

मामा खाली मान घालून म्हणाले, "बाई, तुम्ही शनिवारी बोलला असतात तर आम्ही डोळे मिटून मानलं असतं. आता सांगताय म्हणजे कोणीतरी तुम्हाला सांगायला लावलंय. तुमचा दोष नाही. एका घरात राहायचं म्हणजे..." पुढचं ते बोलले नाहीत. परत येताना रिक्षात बाई एकच वाक्य बोलल्या. "मी त्यांना टेम्पो दिला," त्या म्हणाल्या.

त्यानंतर त्या थांबल्याच नाहीत. मंडळीतल्या एकेका घरी जायच्या, न बसता दारातच एस्तेरची बाजू सांगायच्या. ज्यांनी काही ऐकलं नव्हतं त्यांनाही आता कळलं. लोक ऐकून घ्यायचे, पाणी द्यायचे, आणि त्या वळल्या की म्हणायचे, बाई स्वतः म्हणाल्या, टेम्पोत बसायची. मी हात जोडून सांगितलं की आता पुरे करा. त्या म्हणाल्या, "आधी बोलले नाही ते चुकलं. आता गप्प बसू?"   पुढच्याच बुधवारी ग्रुपवर विनंती आली, की आपल्या ज्येष्ठ भगिनींच्या मनःस्वास्थ्यासाठी प्रार्थना करावी. नाव नव्हतं.

टेम्पोवाला एके दिवशी गेटबाहेरूनच बोलला, "सिस्टर, अब मैं इस गली से नहीं जाऊँगा. मेरी वजह से आपकी बदनामी हो रही है." बाईंनी त्याला आत यायला सांगितलं. तो आला नाही.

एस्तेर आणि तिचे वडील महिनाअखेर खोली सोडून काल्हेरला गोडाऊनजवळ राहायला गेले. वडील पुढे फार जगले नाहीत. मुलानं दुसरीकडे लग्न केलं. एस्तेर उपासनेला यायची बंद झाली. मी तिला कधी शिफ्ट सुटताना रस्त्यावर बघायचो. ती ओळख द्यायची, थांबायची नाही. बाईही तिला भेटायला गेल्या होत्या, एकदा नाही, अनेकदा. गोडाऊनच्या गेटवर ट्रकांच्या धुळीत उभ्या राहायच्या. ती म्हणायची, "आजी, शिफ्टची वेळ झाली," आणि आत जायची. त्यात उद्धटपणा नव्हता. तिला खरंच दुसरं काही म्हणायचं नव्हतं.

बुधवारची सभा सेक्रेटरींच्या घरी भरायला लागली. आम्हीही पुढे काल्हेरला नव्या बिल्डिंगमध्ये घर घेतलं. अधूनमधून बाईंकडे जायचो. खुर्ची आता पिंपावर नसायची, दारासमोर कायमची मांडलेली असायची. त्या तिच्यासमोर बसून असायच्या. मी एखादा विषय काढावा, मुद्दाम कोणाचं नाव घ्यावं, पूर्वीसारख्या रागावतील म्हणून. पण आता त्यांना कोणाविषयीही बोललं तरी चालायचं. मला त्याचं फार वाईट वाटायचं.

शेवटच्या भेटीत त्या म्हणाल्या, "प्रभूचा शिष्य पेत्र, मी प्रभूला ओळखत नाही असं तिसऱ्यांदा म्हणाला, तेव्हा त्याला कोंबड्यानं तरी जागं केलं. आणि तो निदान बोलला तरी होता. मी तोंडच उघडलं नाही, आणि मला वाटत होतं मी देवाची आज्ञा पाळतेय." मी म्हणालो, "बाई, प्रभू क्षमा करतो." त्या म्हणाल्या, "तो करेल. त्याचं काय गेलंय?"

त्या गेल्या तेव्हा मंडळी मोठी जमली. दफनविधी झाल्यावर चर्चमध्ये शोकसभा होती. एकेकानं पुढे येऊन साक्ष दिली, की बाईंनी आयुष्यात कोणाची निंदा केली नाही, बाई आमच्यासाठी नमुना होत्या. सेक्रेटरीबाई बोलताना रडल्या, आणि याही वेळी खरंच रडल्या. बाईंच्या फोटोपुढे इतकं चांगलं बोललं जात होतं, आणि मला प्रत्येक वाक्यानंतर पिंपाच्या पत्र्याचा आवाज ऐकू येईल असं वाटत होतं.

मागे दाराशी एस्तेर उभी होती. कामावरून आली असावी, गळ्यात गोडाऊनचं ओळखपत्र होतं. माना वळल्या. पाळक मनानं चांगले आहेत. ते म्हणाले, "एस्तेर, तू बाईंच्या घरात राहिलीस. त्यांच्याविषयी दोन शब्द बोल."

ती पुढे आली. फोटोकडे वळली. मग म्हणाली, "माणूस समोर नसताना त्याच्याविषयी बोलायचं नाही, असा आजींचा नियम होता." आणि आली तशी बाहेर गेली.

ती हे मायेनं म्हणाली की सूड म्हणून, मला कळलं नाही. दोन्ही असेल. मी उठून तिच्या मागे जाणार होतो, तेवढ्यात माझ्या मागच्या बाकावरून आवाज आला.

"एक चांगला शब्द नाही बोलली. बाईंनी काय केलं असेल गं त्या पोरीचं?"

"असणार काहीतरी," दुसरी म्हणाली. "आपण प्रार्थना करू या."

आणि दोघींनी तिथेच डोळे मिटले.